नारळावरची निळी आणि लाल शाई

सत्कारात मिळालेल्या नारळाचे पुढे काय करायचे, हे सत्कार करणारे कधी सांगत नाहीत. आमच्या दादरच्या कॉलेजात सत्कार वारंवार होतात. एकदा माझाही झाला. शाल कपाटात गेली. नारळ मी वर्गात नेला, कारण मी भौतिकशास्त्र शिकवतो आणि मला काहीतरी गोल हवे होते.

एखादा बिंदू नेमका कुठे आहे हे सांगायच्या तीन पद्धती मुलांना याव्या लागतात. पहिली कार्टेशियन: इतके पुढे, इतके बाजूला, इतके वर. चाळीतली खोली सांगतात तशी. दुसरी सिलिंड्रिकल: मधल्या खांबापासून किती लांब, किती फिरून, किती उंचावर. आमच्या ठाकुरद्वारच्या वाडीत मागच्या बाजूला गोल लोखंडी जिना आहे. त्याच्या कुठल्या पायरीवर मांजर बसले आहे हे सांगायला ही पद्धत उत्तम. तिसरी स्फेरिकल: केंद्रापासून किती लांब, आणि दोन कोन. नारळ या तिसरीसाठी. शेंडी वर धरायची. शेंडीपासून खाली उतरत मोजायचा तो कोन थीटा, पोटाभोवती फिरत मोजायचा तो फाय. मी निळ्या मार्करने तसे नारळावर लिहिले.

स्टाफरूममध्ये माझ्या शेजारी गणिताचा प्राध्यापक बसतो. आम्ही एकाच वर्षी नोकरीला लागलो. त्याच्या मते पोटाभोवतीचा थीटा आणि शेंडीपासूनचा फाय. त्याने एकदा नारळ वर्गात नेला आणि परत आणला तेव्हा त्यावर लाल शाईही होती. खरे तर दोन्ही बरोबर आहेत. अर्धी पुस्तके असे लिहितात, अर्धी तसे. आपण कुठल्या बाजूचे, एवढे आधी सांगायचे असते. आम्ही ते कधीच सांगितले नाही. आम्ही दोघेही एवढेच सांगत आलो, की शेजारचा चुकतो.

तिसऱ्या वर्षाला लालबागची एक मुलगी होती. तिचे आजोबा ज्या गिरणीत होते, तिथे लोअर परळला आता काचेची इमारत आहे आणि त्यातल्याच एका ऑफिसात तिच्या भावाने तिच्यासाठी फोनवर बोलायची नोकरी बघून ठेवली होती. तिला एम.एस्सी. करायचे होते. घरात तह झाला होता: प्रवेश बंद व्हायच्या आत सगळे विषय सुटले तर एम.एस्सी., केटी लागली, म्हणजे एक जरी विषय मागे राहिला, तर हेडफोन.

निकालानंतर ती उत्तरपत्रिकेची झेरॉक्स घेऊन स्टाफरूममध्ये आली.

"सर, मॅथ्समध्ये उडाले. तीन मार्कांनी."

प्रश्न साधा होता. स्फेरिकलमधला एक बिंदू दिला होता: अंतर दोन, पहिला कोन थीटा तीस अंश, दुसरा फाय साठ. तो कार्टेशियनमध्ये आणायचा. तिने पहिला कोन शेंडीपासून मोजला, मी शिकवला तसा. तिची उंची आली वर्गमूळ तीन. गणिताच्या उत्तरसूचीत उंची होती एक. पुढचे अंतरही वेगळे. बाजूचे अंतर मात्र दोन्हींकडे तेच आले. माझ्या आणि शेजाऱ्याच्या कारकिर्दीतले हे पहिले एकमत.

"तुझ्या नारळाने घात केला तिचा," शेजारी म्हणाला.

"लाल शाई कुणाची आहे त्यावर?"

"पेपर गणिताचा होता ना? गणिताच्या पेपरात गणिताचा थीटा."

"तसं प्रश्नात लिहिलं होतंस?"

"ते लिहायचं काय त्यात? सगळ्यांना माहीत असतं."

मुलगी उभीच होती. ती म्हणाली, "सर, तुमचं हे भांडण आम्ही दोन वर्षं फुकटात एन्जॉय केलं. पण आता मार्क कुणाकडे मागू, ते सांगा."

शेजाऱ्याला तिच्या एकटीचे मार्क वाढवता येत नव्हते. मग साऱ्या वर्गाचे पेपर पुन्हा उघडावे लागले असते. मी प्राचार्यांना पत्र लिहिले की विद्यार्थिनीने मी शिकवले तसेच केले आहे, दोष माझा आहे. प्राचार्यांनी विषय गांभीर्याने घेतला, म्हणजे समिती नेमली. सदस्य आम्ही दोघे आणि ग्रंथपाल. पहिली बैठक समितीचे नाव ठरवण्यात गेली. चहा चांगला होता. दुसरी बैठक प्रवेशाची मुदत संपल्यावर ठेवली होती.

त्या संध्याकाळी वाडीत शिरताना मला माझे एक वाक्य आठवत राहिले. 'गणितवाल्यांना नारळ आडवा दिसतो.' या वाक्याला वर्ग दर वेळी हसायचा. ही हसली नव्हती. तिने ते वहीत उतरवून घेतले होते.

पुरवणी परीक्षा दहा दिवसांवर होती. मी तिला म्हटले, "ये रोज, दोन्ही पद्धती पुन्हा करून घेतो."

"नको सर," ती म्हणाली. "आता दोघांचंही ऐकलं तर पेपरात दोघंही आठवाल."

पेपर शेजाऱ्यानेच काढला आणि त्यानेच तपासला. माझ्या पत्राचा एवढा परिणाम झाला, की या वेळी त्याने सगळ्यात मोठ्या प्रश्नात थीटा-फाय यांतले कोणतेच अक्षर छापले नाही. गोलातून शंकूने कापलेल्या तुकड्याचे घनफळ काढा, योग्य वाटेल ती पद्धत वापरा. स्फेरिकलमध्ये ते चार ओळींचे काम आहे.

तपासताना त्याने मला हाक मारली. तिने ते कार्टेशियनमध्ये केले होते. पाच पाने, वर दोन पुरवण्या जोडलेल्या. वर्गमुळात वर्गमूळ, खाडाखोड, समासात बेरजा. सरळ पुढे, बाजूला, वर. थीटा नाही, फाय नाही. बिंदू कार्टेशियनमध्ये आणायचा प्रश्न तिने पर्यायात सोडून दिला होता.

"हे असं कुणी शहाणा माणूस करतो का रे?" तो म्हणाला.

"उत्तर?"

"बरोबर आहे."

"मग?"

"चूक शोधत तीनदा वाचलं." त्याने लाल पेन उचलून पूर्ण मार्क दिले आणि बराच वेळ टोपण लावत बसला.

प्रवेश मिळाल्यावर ती पेढे घेऊन आली. जाता जाता तिचे लक्ष कपाटावरच्या नारळाकडे गेले.

"हा नेऊ का, सर?"

"खवट असेल गं. वर्ष झालं त्याला."

"आई बघेल."

मी शेजाऱ्याकडे पाहिले. त्याने हरकत घेतली नाही. चार दिवसांनी ती डबा घेऊन आली. आत सुक्या खोबऱ्याची लसणीची चटणी होती.

"खोबरं एकदम चांगलं निघालं," ती म्हणाली. "वरचं कायकाय लिहिलेलं काय आहे, म्हणून आई विचारत होती."

"मग काय सांगितलंस?"

"सांगितलं, दोन सरांच्या सह्या आहेत."

चटणी आम्ही दोघांनी निम्मी निम्मी घेतली. समितीची दुसरी बैठक अजून व्हायची आहे. शैक्षणिक साहित्य म्हणून नारळ सादर करावा, असे तिच्या कार्यक्रमपत्रिकेत छापले आहे.