अध्यक्षांचं ‘व्हय म्हाराजा’

१९८६ साल. मी चौतीस वर्षांचा होतो, मुलुंडच्या एका कारखान्यात रंगखात्यात कामाला होतो, आणि ब्राझीलचा गोलकीपर होतो.

हसू नका. त्या वर्षी मेक्सिकोत फुटबॉलचा वर्ल्डकप झाला. आमच्या अख्ख्या चाळीत टीव्ही एकच, त्यामुळे निम्मी माणसं आत आणि निम्मी खिडकीच्या गजांना लटकलेली. वर्ल्डकप संपला तरी वेड उतरेना. मग वस्तीतल्या मंडळाने ठरवलं, आपणच वर्ल्डकप घ्यायचा. नाल्याच्या अलीकडच्या आणि पलीकडच्या मिळून आठ चाळी, प्रत्येक चाळ एक देश. आम्ही ब्राझील घेतला, कारण बनियन पिवळे करणं सोपं. बायकांनी सगळे बनियन हळदीत बुडवून दिले. पहिल्याच मॅचला घामाने हळद अंगावर उतरली आणि मैदानात अकरा नवरदेव पळताहेत असं दिसायला लागलं.

नाल्यापलीकडची मोठी चाळ अर्जेंटिना झाली. मंडळाच्या अध्यक्षाची चाळ जर्मनी. हा अध्यक्ष माझ्या शेजारच्या गावचा, मंडपाचं सामान भाड्याने देणारा. आम्ही एकमेकांना अरे-तुरेच करायचो. त्याने आपल्या कमिटीला ‘आंतरराष्ट्रीय समिती’ असं नाव दिलं आणि त्या दिवसापासून तो जरा हळू चालायला लागला. जर्मनीचा गोलकीपर त्याचा मुलगा. सगळ्या मॅचला शिटी वाजवायला त्याचा साडू. आम्ही तेव्हा काही बोललो नाही, कारण आम्ही जिंकत होतो.

सेमीफायनलला आम्ही जर्मनीला दोन-एकने लोळवलं. दोन्ही गोल आमच्या सेंटर फॉरवर्डचे. हा साताऱ्याकडचा, बुद्धविहाराशेजारच्या खोलीत राहायचा, बारीक चणीचा, पण पायात बॉल आला की मांजरासारखा निसटायचा. त्या रात्री आमची चाळ झोपली नाही. झकास नाचलो. माझी बायको गणपतीतसुद्धा नाचत नाही, ती नाचली.

दुसऱ्या संध्याकाळी समिती बसली, भजी खाल्ली आणि निर्णय दिला. ब्राझील बाद. फायनल जर्मनी आणि अर्जेंटिनाची.

मी तसाच बनियनवर गेलो. “का रे?”

“तुमचा सेंटर फॉरवर्ड विदेशी खेळाडू आहे,” अध्यक्ष म्हणाला.

“विदेशी? तो माझ्या भिंतीपलीकडे राहतो!”

“महिनाभर कुठे जेवतो?”

आता हे खरं होतं की त्याची बायको पहिल्या बाळंतपणाला माहेरी गेली होती, आणि माहेर नाल्यापलीकडे. हा रोज संध्याकाळी तिकडे जायचा, सासू वाढायची, कधी कधी तिथेच आडवा व्हायचा.

“म्हणजे तो अर्जेंटिनाचा जावई,” अध्यक्ष म्हणाला. “सासरी राहिला की नागरिकत्व बदलतं.”

“कुठल्या नियमात?”

“आंतरराष्ट्रीय. आणि हे बघ, मेक्सिकोत फायनलला कोण होते? जर्मनी आणि अर्जेंटिना. मग आपल्याकडे वेगळं कसं दिसेल?”

सेंटर फॉरवर्ड माझ्या मागे उभा होता. तो म्हणाला, “अध्यक्षसाहेब, सासूने वांगं वाढलं म्हणून देश बदलतो, तर तुम्ही काल इराण्याकडे चहा प्यायलात. तुम्ही कुठले?”

सगळे हसले. अध्यक्ष हसला नाही. मला बाजूला घेऊन म्हणाला, “अरे, वर जगाच्या कमिट्यांतसुद्धा असंच चालतं. कुठे खेळायचं, कोणाला घ्यायचं, कोणाला वगळायचं, सगळं दार लावून ठरतं. तिथे विचारायला जातोस का तू?”

“तिथे जायला विमान लागेल,” मी म्हणालो. “इथे चपला पुरतात.”

पण चपला झिजवूनही काही झालं नाही. रविवार आला. मैदानात अध्यक्षाचाच मंडप, अध्यक्षाच्याच खुर्च्या, आणि गल्लीच्या टोकापर्यंत कर्णे बांधलेले. आम्ही अकराजण धुतलेले पिवळे बनियन घालून घरी बसलो होतो. का घातले होते विचारू नका. काढवत नव्हते.

तेवढ्यात अध्यक्षाचा निरोप आला. नारळ द्यायचाय, गाऱ्हाणं घालायला ये. राग खेळावर असावा, देवावर नको.

जे कोकणातले नाहीत त्यांच्यासाठी सांगतो. आमच्यात कुठलंही काम सुरू करताना एकजण नारळ हातात घेऊन देवाला सगळी हकिकत सांगतो. त्याचं प्रत्येक वाक्य ‘रे म्हाराजा’वर संपतं, आणि जमलेले सगळे हात जोडून ‘व्हय म्हाराजा’ म्हणतात. वाक्यात काय होतं ते कोणी बघत नाही. कोकणी माणूस झोपेत असू दे, कानावर ‘रे म्हाराजा’ पडलं की तोंडातून व्हय निघतंच. मी शाळा चौथीपर्यंत शिकलो, पण गाऱ्हाणं वडिलांकडून पूर्ण उचललं होतं. वस्तीत ते पूर्ण येणारा मी एकटा. त्याचा मला गर्व होता, आजही आहे.

“जाऊ का?” मी बायकोला विचारलं.

“जावा की. तोंड घरी ठेवून जाऊ नका म्हणजे झालं.”

सेंटर फॉरवर्ड म्हणाला, “दादा, तुमचा देव मी मानत नाही. पण माईक मानतो.”

त्याने हे म्हटलं आणि माझ्या डोक्यात लख्ख ट्यूब पेटली. आम्ही अकराच्या अकरा गेलो.

अध्यक्ष पांढऱ्या टोपीत. माईक त्याने कोणाच्या हातात द्यायचा नाही असं ठरवलेलं, म्हणून स्वतःच धरून माझ्या तोंडाशी उभा राहिला. माईक आम्हा दोघांच्या मध्ये. मी नारळ उचलला.

“हे देवा म्हाराजा! आज ह्यो जो वर्ल्डकपाचो खेळ मांडलेलो आसा, तो नीट पार पाडून दी रे म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!” सगळं मैदान.

“कोणाचो पाय मुरगाळलो, कोणाचो गुडघो फुटलो, तर तेका बरो कर रे म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!”

“बॉल नाल्यात गेलो तर तो वर काढूची बुद्धी कोणाक तरी दी रे म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!” आता लय लागली होती. अध्यक्षाने डोळे मिटले होते, माईकवर सगळ्यात मोठा आवाज त्याचाच. मी श्वास घेतला नाही.

“आनी ह्या अध्यक्षान आपल्या झिलासाठी जिंकलेल्या टीमेक भायर काढल्यान, साडवाच्या हातात शिटी दिल्यान, ती चूक तो आज सगळ्यांसमोर कबूल करता रे म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!”

मैदानातले बरेचजण अर्ध्यावर थांबले होते. अध्यक्ष थांबला नाही. त्याचा व्हय कर्ण्यांतून नाल्यापलीकडे गेला, तिकडच्या भिंतीला आपटला आणि परत आला.

पहिला हसला तो जर्मनीचा गोलकीपर, गाऱ्हाण्यातला झील, म्हणजे त्याचाच मुलगा. गुडघ्यांवर हात ठेवून हसला. “बाबा, तुम्ही व्हय म्हणालात!”

“मी देवाक म्हटलंय!” अध्यक्ष ओरडला, तेही माईकवर.

“मग देवाक फसवलंस?” मी विचारलं. नारळ अजून माझ्या हातात होता. “बोल. कोणाच्या फायनलचा फोडू?”

गाऱ्हाणं घातलं आणि नारळ फुटला नाही, असं आमच्याकडे होत नाही. हे त्यालाही माहीत होतं. टोपी काढून त्याने कपाळ पुसलं. “ब्राझील,” तो पुटपुटला.

“माईक तोंडाजवळ घे.”

“ब्राझील आणि अर्जेंटिना! बस झालं?”

मी नारळ असा आपटला की पाणी त्याच्या टोपीवर उडालं. बायका शिट्ट्या मारत होत्या. साडूकडची शिटी काढून इटलीच्या म्हाताऱ्या कॅप्टनला दिली. त्याला लांबचं दिसत नव्हतं, पण तो कोणाचाच साडू नव्हता.

आणि काय ती फायनल! अर्जेंटिनाच्या जावयाने आमच्यासाठी गोल मारला तेव्हा त्याच्या सासूने आधी टाळ्या वाजवल्या, मग गोल आपल्यावरच झालाय हे आठवल्यावर नवऱ्याच्या पाठीत धपाटा घातला. आम्ही दोन-एकने हरलो. त्यांचा दुसरा गोल सरळ हाताने होता. मेक्सिकोत अर्जेंटिनाचा तसा चालला होता, म्हणून आमच्याकडेही चालला. तो गोल मी मानत नाही. चाळीस वर्षं होत आली, मानलेला नाही.

पण हरल्यासारखं वाटलंच नाही कोणाला. हरलेल्या गोलकीपरला खांद्यावर घेऊन लोक नाचले, आणि नाचता नाचताच मला अध्यक्ष करून टाकलं. मी वरूनच हात हलवला. खाली उतरतो न उतरतो तोच माझा मेव्हणा, बायकोचा भाऊ, कानाशी आला. “दाजी, पुढच्या वर्षी शिटी आपल्याकडेच ना?”

माझी मान हलायला लागली होती. हलता हलता थांबली.

दुसऱ्या दिवशी सकाळी पहिल्या पाळीच्या आधी मी फुटलेल्या नारळाचं अर्धं भकल घेऊन जुन्या अध्यक्षाच्या दारात गेलो. तो लुंगीवर, तोंडात मंजन, बोटाने दात घासत होता. भकल त्याच्या ओल्या हातात दिलं आणि म्हणालो, “पुढच्या वर्षी गाऱ्हाणं तू घालायचंस. माईक मी धरीन. माझ्याबद्दल जे काय असेल ते सगळं सांग.”

मंजनामुळे त्याला बोलता येईना. मी तिथेच उंबऱ्यावर बसलो आणि त्याला पहिली ओळ शिकवायला घेतली.