आठ दिवसांची बाटली

डांबराच्या गोळ्यांचा वास आला की ते प्रकरण मला आजही आठवते. त्यात खून नव्हता, दरोडा नव्हता. पण माझ्या तपासामुळे एका म्हाताऱ्याच्या दारी येणारी माणसे यायची थांबली. कागदोपत्री सगळे बरोबर असूनही ज्याचे मला समाधान नाही, असे नोकरीतले ते एकच प्रकरण.

ऐंशीच्या दशकाचा शेवट. पारोळा आणि धुळ्याच्या मधल्या एका ठाण्यात मी फौजदार होतो. बायको जाऊन वर्ष होत आले होते. मुलगी धुळ्याला आजीकडे शिकत होती. क्वार्टरमध्ये मी, एक कॉट, एक स्टोव्ह आणि बायकोच्या साड्यांची ट्रंक. काम संपले तरी मी ठाण्यात जुन्या फायली काढून बसत असे. शिपाई मला कामसू समजत आणि मीही त्यांना तसे समजू देत असे.

हिवाळ्यातल्या एका सकाळी एक टॅक्सीवाला फिर्याद घेऊन आला. बाळंतपणाला आलेल्या बहिणीला तो अँबेसेडरमधून धुळ्याच्या दवाखान्यात नेत होता. गाडी दोन गचके खाऊन महामार्गावर बंद पडली ती पडलीच. बहीण रस्त्याच्या कडेला कळा देत राहिली. शेवटी कापसाच्या एका ट्रकवाल्याने तिला कापसावर झोपवून धुळ्याला पोहोचवले. बाळ-बाळंतीण दोघेही वाचले, पण डॉक्टरांनी सांगितले होते की आणखी उशीर चालला नसता. त्याने माझ्या टेबलावर खोकल्याच्या औषधाची एक रिकामी होत आलेली बाटली आदळली. आत लालसर द्रव, लेबल नाही. गाडीचे अ‍ॅव्हरेज वाढवायचे औषध म्हणून ती टॅक्सीवाल्यांत चालते, दर टाकीला एक झाकणभर ओतायचे, असे तो म्हणाला. त्याने ती दुसऱ्या ड्रायव्हरकडून मागवली होती. बनवतो कोण, हे त्याला ठाऊक नव्हते.

फसवणुकीचा गुन्हा नोंदवला आणि स्टँडवर चौकशी सुरू केली. एकजात सगळ्या ड्रायव्हरांनी कानावर हात ठेवले. माझा अनुभव असा की माणूस भीतीने लपवतो तेव्हा खाली बघतो, आणि मायेने लपवतो तेव्हा सरळ डोळ्यात बघून खोटे बोलतो. हे सगळे माझ्या डोळ्यात बघत होते.

त्या दुपारी नमुना सीलबंद करण्याआधी मी बाटलीचे झाकण उघडून वास घेतला. पेट्रोल तर होतेच, पण त्याच्या मागून दुसरा वास आला. साड्यांच्या ट्रंकेचा वास. ती ट्रंक मी आठवड्यातून एकदा तरी उघडत असे, बंद करत असे, त्यामुळे माझे नाक चुकणे शक्य नव्हते. पेट्रोलमध्ये डांबराच्या गोळ्या विरघळवल्या होत्या.

गावात किराण्याचे मोठे दुकान एकच, राजस्थानकडून आलेल्या एका शेठजींचे. गोळ्या सगळ्यात जास्त कोण नेतो, असे मी सहज विचारले. शेठजी हसले. म्हणाले, "नाना मिस्त्री नेतात, दर आठवड्याला मोठा पुडा. मी एकदा विचारलंही, नाना, एवढे कपडे आहेत तरी कुठे तुमच्याकडे?"

पंच घेऊन आम्ही नानांकडे गेलो. महामार्गालगत पत्र्याची शेड. सत्तरीला टेकलेला, काटक माणूस. आयुष्यभर गॅरेजात मिस्त्रीकाम केलेला. एका बाजूला भरलेल्या बाटल्या, रंगाची पुडी, गोळ्या कुटायचा खलबत्ता. दुसऱ्या बाजूला लांब बाकडे आणि धुऊन पालथे घातलेले आठ कप. एकट्या माणसाला आठ कप कशाला, हा प्रश्न मला तेव्हाच पडायला हवा होता. मी पंचनाम्यात कपांची नोंदही केली नाही. नानांनी मात्र माझ्यामागे उभ्या असलेल्या आमच्या जीपच्या ड्रायव्हर हवालदाराला अगदी घरच्यासारखे अहिराणीत विचारले, "काय हवालदार, जीपनी बाटली सरनी का?"

हवालदाराचा चेहरा बघण्यासारखा झाला. सरकारी जीपच्या सीटखालून अर्धी बाटली निघाली. पंचांना हसू आवरेना. ती बाटली मी मुद्देमालात घेतली नाही. ठाण्याची अब्रू जाईल म्हणून घेतली नाही, हे आता सांगायला हरकत नाही.

चौकशीत मी आधी नानांवर आवाज चढवला. उपयोग झाला नाही. मग मी त्यांना त्या बाळंतिणीची हकिकत सांगितली. ते एकदम पुढे सरकले. "पोरगी कशी शे, साहेब?"

बरी आहे, मुलगा झाला, असे मी सांगितले. त्यांनी दोन्ही हातांनी तोंड पुसले आणि मग सगळे सांगून टाकले.

"बाटलीमा काहीच नही शे, साहेब. मी प्लग साफ करस, कार्बोरेटर नीट करस, चाकनी हवा देखस. तेन्हामुये अ‍ॅव्हरेज वाढस."

मग बाटली कशाला, असे मी विचारले.

"प्लग साफ करी दिन्हा का मानूस सहा महिना तोंड दखाडत नही. बाटली आठ दिनमा सरस. मंग तो परत येस. बसस, चहा पेस, दोन गोष्टी करस. मन्हं दुसरं कोनी नही."

नानांची बायको केव्हाच गेलेली, मुलगा सुरतेला, त्याचे पत्रही येत नसे. बाटली घ्यायला आलेल्याला नाना अर्धा तास बसवून घ्यायचे आणि तेवढ्यात त्याची गाडी फुकट नीट करून द्यायचे. ड्रायव्हरांना वाटायचे, गुण बाटलीचा. फिर्यादीने बाटल्या परस्पर मागवल्या होत्या, तो शेडमध्ये कधी बसलाच नव्हता. दुप्पट गुण येईल म्हणून त्याने दोन बाटल्या एकदम टाकीत ओतल्या. गाडी उघडली तेव्हा कार्बोरेटरच्या बारीक छिद्रात गोळ्यांचे पांढरे कण अडकलेले सापडले.

आता पंपावर साधे पेट्रोल मिळते आणि त्याहून महागही मिळते. शेजारी ऐटबाज बाटल्या मांडलेल्या असतात. जावई विचारतो, घालू का? मी त्याला सांगतो, गाडीच्या पुस्तकात जे लिहिले आहे ते घाल, प्लग साफ ठेव, चाकांत हवा ठेव. हे ज्ञान मला एका आरोपीने दिले, हे मात्र मी त्याला सांगत नाही.

कोर्टाने नानांना जामीन दिला, पण जामीनदार मिळेना. रोज बाकड्यावर बसणाऱ्यांपैकी एकही ड्रायव्हर फिरकला नाही. पोलिसांच्या भानगडीत कोण पडणार? अखेर शेठजी उभे राहिले. शेड ओस पडली. जामिनाच्या अटीप्रमाणे दर सोमवारी नानांना ठाण्यात हजेरी द्यायची होती. ते सकाळीच यायचे, धुतलेला सदरा घालून. सही करून पाच मिनिटांत जाता आले असते, पण ते दुपारपर्यंत बसून राहत. शिपायांशी बोलत. जीप सुरू झाली की तिचा आवाज ऐकून हवालदाराला काहीबाही सांगत.

दोषारोपपत्र कोर्टात गेले आणि हजेरी संपली. नाना तरीही येत राहिले. दोन-तीन सोमवार मी काही बोललो नाही. पुढे वार्षिक तपासणीला वरिष्ठ येणार होते. आरोपी ठाण्यात चहा पीत बसलेला दिसणे बरे नव्हते. मी त्यांना आत बोलावले आणि कडक आवाजात सांगितले, "नाना, तुमची हजेरी संपली. आता कारण नसताना ठाण्यात यायचं नाही."

ते म्हणाले, "मंग सोमवारना दिन मी कोठे जाऊ, साहेब?"

मी कागदांत डोके घातले आणि म्हणालो, "घरी जा." त्यांनी हात जोडले आणि ते गेले. परत आले नाहीत. निकाल लागण्याआधीच माझी जळगावला बदली झाली. जाताना शेडपाशी जीप थांबवावी असे मनात आले होते, पण थांबवली नाही.

चौकशीत माणसाकडून खरे कसे काढायचे, हे मला खात्याने शिकवले होते. आपण त्याला खरे काय सांगायचे, हे कोणी शिकवले नाही आणि मीही शिकलो नाही. नानांना घरी जायला सांगितले त्या संध्याकाळी मीही घरीच गेलो. कुलूप काढले, स्टोव्ह पेटवला, एकाच माणसाचा चहा केला. नानांना मी एवढे तरी सांगायला हवे होते की सोमवारी कुठे जावे, हे मलाही माहीत नाही.