पाच पानांची एकच पट्टी

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या. मधे कुणी हसलं की मी सांगायची थांबते, कारण माझा राग अजून गेलेला नाही.

लोणावळ्यात आमच्या गल्लीतली पाच घरं पर्यटकांना खोल्या देतात. समोरच्या केतकीने पाचही घरांची मिळून एक वेबसाइट केलीय, प्रत्येकाला आपापलं पान. माझ्या पानावर लिहिलंय, "खोलीतून दरी दिसते." दिसतेच. धुकं नसेल तेव्हा.

त्या आठवड्यात बोरिवलीचं एक मोठं कुटुंब माझ्या दोन्ही खोल्या घेणार होतं. उन्हाळाभर खोल्या रिकाम्या, त्यामुळे मी त्यांच्यावरच डोळे लावून बसले होते. आणि बघते तर शेजारच्या शालिनीवहिनींच्या पानावरही तेच, खोलीतून दरी दिसते! अहो, कुठून? त्यांच्या खिडकीसमोर माझी कपड्यांची दोरी. दरी बघायची तर आधी आमच्या ह्यांच्या लेंग्यापलीकडे बघावं लागेल.

तडक केतकीकडे गेले. ती शालिनीवहिनींचंच पान उघडून बसली होती.

"हे खोटं आहे. काढून टाक."

"काकू, ज्याचं पान त्याचा मजकूर. तुम्ही त्यांच्याशी बोला ना."

"त्यांच्याशी बोलत असते तर तुझ्याकडे कशाला आले असते?"

मला शांत करायला ती कामाचं सांगायला लागली. "ही खालची पट्टी बघा. गल्लीचा पत्ता, रिक्षावाल्याचा नंबर. ही मी एका फाईलमध्ये एकदाच लिहिलीय. प्रत्येक पानात नुसतं सांगायचं, ती फाईल इथे जोड. नंबर बदलला तर एकाच जागी बदलायचा, सगळीकडे बदलतो."

मी हो हो म्हटलं. लक्ष कुठे होतं? मी वहिनींच्या पानावरच्या फोटोत माझी दोरी शोधत होते. बरोबर कापून टाकलेली!

तेवढ्यात आतून तिच्या सासूबाईंची हाक आली आणि केतकी उठून गेली. पडद्यावर एका बाजूला वहिनींचं घर, दुसऱ्या बाजूला ती पट्टी. मला वाटलं, पट्टीही त्यांचीच. रिक्षावाल्याच्या नंबराखाली मी टाईप केलं, "सूचना: येथून दरी दिसत नाही. शेजाऱ्यांचे कपडे दिसतात." सेव्ह केलं आणि "येते गं" म्हणून निघाले. काय गार वाटलं म्हणून सांगू!

संध्याकाळी बोरिवलीचा फोन.

"मावशी, वर लिहिता दरी दिसते, खाली लिहिता दिसत नाही. नक्की काय ते ठरवा की."

"अहो, ते शेजारच्यांचं आहे."

"तुमच्याच पानावर आहे. राहू दे, आम्ही दुसरं बघतो."

धावत केतकीकडे. ती कपाळाला हात लावून बसली. "काकू, ती पट्टी सगळ्यांची होती. सांगितलं होतं ना?"

"मग शालिनीवहिनींच्या पानावरही आलं असेल." मला तेवढाच आधार.

"नाही ना. त्यांचं पान जुनं, त्याला पट्टी जोडायची राहिली होती. तुम्ही आलात तेव्हा मी तेच करत होते, मग ते राहूनच गेलं."

म्हणजे अख्ख्या गल्लीत दरी दिसणारं घर उरलं एकच. बोरिवलीकर गेले तिथेच.

शनिवारी सकाळी शालिनीवहिनी कुंपणाशी आल्या. गोड आवाजात म्हणाल्या, "वहिनी, तेवढे दोरीवरचे कपडे आत घ्याल का? पाहुण्यांना दरी बघायचीय."

घेतले. दोरीसुद्धा सोडली. आता त्यांच्या खिडकीतून खरंच दरी दिसते.