सबनीसांचा काळा चहा

साताऱ्याच्या सबनीसांशी माझी चहाची अदलाबदल चालते. मी दार्जिलिंग धाडतो, ते आसाम. मग फोनवर चवीचं कीर्तन. तापानंतर माझी चव गेली, हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. आज त्यांचा नवा काळा चहा नीट मुरू दिला, घोट घेतला. नुसतं गरम पाणी.

"साखर तरी घाला," माझा चेहरा बघून बायको म्हणाली. घातली असती तरी काय कळणार होतं?

सबनीसांचा फोन आलाच. "कसा वाटला?"

"मनुकांचा वास, शेवटी किंचित लाकूड," मी ठोकून दिलं.

"अहो, अगदी! मलाही मनुकाच लागल्या!"

मी मनातून काढलेल्या मनुका त्यांनाही लागल्या होत्या. एकाची चव दुसऱ्याला कळते, एवढाच माझा भाबडेपणा उरला होता, तोही गेला. तरी त्यांच्यासाठी पुढचं पाकीट भरायला घेतलं. मला फोन करणारं दुसरं कोणी नाही.