गप्पांचे कप

शुद्धलेखन चुकेल, अक्षर तर कोंबडीचे पाय, त्याबद्दल माफी असावी. चौथीनंतर वही अशी हातात आलीच नाही.

मी कोपऱ्यावरच्या कॉफीच्या दुकानात कप धुते. एकट्यानं घाईत प्यायलेला कप पाण्याखाली धरला की स्वच्छ होतो. गप्पा रंगल्या की मात्र फेस आत वाळून बसतो, नखानं खरवडावा लागतो. आज खिडकीपाशी दोन म्हाताऱ्या मैत्रिणी रिकाम्या कपांपुढे तासभर बसल्या होत्या.

"अगं, सून वाट बघत असेल," एक उठत म्हणाली.

"बघू दे की! रोज तू तिची बघतेस," दुसरीनं तिला हाताला धरून परत बसवलं.

तेव्हापासून माझा जीव थाऱ्यावर नाही. माणसं इथं नुसती बसायला येतात. मी आजवर चहासुद्धा उभ्यानंच प्यायले. मालकीण शीतल रोज म्हणते, "मावशी, बसा की माझ्यासोबत दोन मिनिटं." पण लेकीच्या फीसाठी तिच्याकडून उचल घेतली होती. देणं अंगावर ठेवून गिऱ्हाइकाच्या खुर्चीत कशी बसू? काहीतरी पुटपुटून मी मोरीकडे पळायचे.

संध्याकाळी शेवटचे पाचशे तिच्या हातात ठेवले. तिनं मोजलेही नाहीत.

"आता कुठला बहाणा, मावशी?"

मी पदराला हात पुसले आणि तिच्यासमोरची खुर्ची ओढली. बसले तरी पाय सारखे हलत होते. पण उठले नाही. उचल पूर्ण फिटली होती.