बिनविरोध

"पुऱ्या जाड होऊन राह्यल्या. ध्यान कुठं हाय तुहं?"

बाईसाहेबांनी माझ्या पोळपाटावरची पुरी उचलली आणि परत परातीत आपटली. मागच्या अंगणात चुलीवर मोठी कढई होती. भोवती आम्ही सात-आठ जणी लाटायला बसलो होतो. पुढच्या अंगणात मांडव होता, लाउडस्पीकर होता. आबासाहेब आणि बाईसाहेबांचा मुलगा राजाभाऊ डॉक्टरेट करायला विलायतेला निघाला, म्हणून गावजेवण होतं.

आबासाहेब म्हणजे गावातले सगळ्यात मोठे जमीनदार आणि तालुक्याच्या खरेदी-विक्री संघाचे अध्यक्ष. मोताळ्याच्या बाजूचं आमचं गाव जवळजवळ त्यांचंच. माझे वडील त्यांचं वावर बटईनं करायचे. पीक निम्मं त्यांचं, निम्मं आमचं, मेहनत सगळी आमची. ज्याच्याकडे त्यांचं वावर, त्याच्या घरची बाई त्यांच्या कार्याला राबणार, हा रिवाज. म्हणून माय आली होती. मी आदल्या दिवशी नागपूरहून घरी आले होते. ते कळल्यावर आबासाहेबांच्या माडीवरून निरोप आला, "पोट्टीलेही आण."

पोट्टी तेव्हा वनस्पतीशास्त्रात एम. एस्सी. झालेली होती.

मी लाटणं खाली ठेवलं आणि म्हणाले, "बाईसाहेब, ते स्कॉलरशिप मले भेटली. राजाभाऊले नाही."

बाईसाहेब कंबरेवर हात ठेवून मोठ्यानं हसल्या.

"आयका वो बायांनो! किसनाची पोट्टी विलायतले चालली! काऊन वो, तिथं साहेबाचे भांडे घासाले कोणी भेटून नाही राह्यलं का?"

सगळ्या हसल्या. माझी सख्खी मावशीही हसली. मालकीण हसली की हसायचं, हेही कामातच धरलेलं होतं. माय खाली मान घालून पुटपुटली, "लाट मुकाट्यानं."

मी लाटत राहिले. माझ्याच शिष्यवृत्तीच्या जेवणाच्या पुऱ्या.

आता वस्तुस्थिती सांगते. शिष्यवृत्ती एकच होती. इंग्लंडला जाण्यायेण्याचं भाडं, विद्यापीठाची फी, राहणं, जेवणं, पुस्तकं, थंडीचे कपडे, सगळं त्यात. पदरचा एक पैसा लागणार नव्हता. म्हणून तर माझ्यासारखीला अर्ज करता आला. मी कपाशीच्या मर रोगावर काम केलं होतं. उभं झाड चार दिवसांत मान टाकतं, तो रोग. राजाभाऊ माझ्याच वर्गात होता. लेखी परीक्षा झाली, मुंबईला मुलाखत झाली. निकाल आमच्या विभागाच्या फळ्यावर लागला. वर माझं नाव. खाली राजाभाऊचं, आणि त्यापुढे लिहिलेलं, प्रतीक्षेत. म्हणजे पहिला उमेदवार गेला नाही, तरच दुसऱ्याचा विचार. राजाभाऊ माझ्या शेजारी उभा राहून तो फळा वाचत होता. घरी येऊन त्यानं सांगितलं, यादीत नाव आलं.

एवढं आबासाहेबांना पुरलं. त्यांच्या घरात नाव यादीत आलं म्हणजे झालंच. प्रतीक्षा इतरांनी करायची असते.

मांडवातून आमच्या शाळेच्या हेडमास्तरांचं भाषण ऐकू येत होतं. "या मातीतून, या घराण्यातून, विद्येची अशी परंपरा..." विद्येची परंपरा गळ्यात कानापर्यंत हार घालून बसली होती. मी पुऱ्यांची टोपली घेऊन पंगतीत गेले तेव्हा राजाभाऊनं मला पाहिलं. तोंडात पेढा होता. तो चघळत त्यानं दुसरीकडे बघितलं.

त्या रात्री जेवताना बाईसाहेबांनी घरच्यांना माझा विनोद सांगितला. सगळे हसले, राजाभाऊ हसला नाही. आबासाहेबांच्या ते ध्यानात आलं. हे मला त्यांच्याकडे धुणं-भांडी करणाऱ्या बाईनं सांगितलं. सकाळी आबासाहेब विभागात चौकशी करायला नागपूरला गेले. परत आले आणि दुसऱ्याच दिवशी आमच्या दारात जीप उभी राहिली. "किसनाले आन् पोरीले मालकानं बलावलं."

जीप पाहिली आणि मला सगळं कळलं.

त्याचं कारण असं. हायस्कूलची वर्षं मी त्यांच्या बुलढाण्याच्या बंगल्यावर राहून काढली होती. झाडणं, पाणी भरणं, उष्टी काढणं, आणि त्याच्या बदल्यात शाळेत जायची परवानगी. त्या काळात महाराष्ट्र नवा होता, जिल्हा परिषद नवी होती, संघ, सोसायट्या, बँका, सगळीकडे निवडणुका होत्या. आबासाहेब मात्र निवडणूक लढत नसत. ती होऊच देत नसत. समोरच्या उमेदवाराला बंगल्यावर बोलवायचं आणि अर्ज मागे घ्यायला लावायचा. पेपरात छापून यायचं, अध्यक्षपदी बिनविरोध निवड. लोक याला समजूतदारपणा म्हणायचे.

त्याची एक ठरलेली पद्धत होती. बैठकीत चहा मी न्यायची, त्यामुळे मला ती पाठ होती. आधी गाडी पाठवायची. मग माणसाला खुर्ची द्यायची, जी एरवी कधी देत नसत. मग चहा. मग त्याच्या घरावरचे जुने उपकार. मग दुसरं एखादं लहान पद. मग इज्जतीचा प्रश्न. आणि एवढं करून माणूस वळला नाही, तर त्याचं कुठे दुखतं तिथे बोट. कागद हेडमास्तरांनी आधीच लिहून आणलेला असायचा. मोठमोठ्या मिशांचे लोक त्या खुर्चीत बसून सही करून गेलेले मी पाहिले आहेत.

माडीवर पोचलो. आबासाहेब म्हणाले, "ये बेटा. बस, खुर्चीवर बस."

मी बसले. बाबा दाराशी जमिनीवर टेकले. त्यांना खुर्ची कोणी दिली नाही, कारण यादीत त्यांचं नाव नव्हतं.

चहा आला. या वेळी दुसरीच एक मुलगी घेऊन आली.

"आमच्या घरी राहून शिकली तू," आबासाहेब म्हणाले. "आमाले लेकीसारखी. आता असं हाय, पोरीच्या जातीनं एकटं समुद्रापार जाणं काही बरं नाही. तुले आपल्या कॉलेजात मास्तरीण करतो. उद्याच्या उद्या. लग्नाचं मी पाह्यतो. पोरगा पाह्यून ठेवला, बीडीओ हापिसात हाय."

उपकार झाले, पद झालं. वर नवराही.

हेडमास्तरांनी खिशातून घडी केलेला कागद काढला. माझ्या पुढ्यात ठेवला. 'घरगुती अडचणीमुळे मला परदेशी जाणे शक्य नाही, तरी माझे नाव कमी करावे.' अक्षर सुंदर होतं. याच अक्षरात त्यांनी मला बाराखडी शिकवली होती.

"बेटा, यात कमीपणा काही नाही," ते म्हणाले. "हा त्याग आहे."

त्याग हा गुरुजींचा आवडता विषय होता. तो नेहमी दुसऱ्याचा असे.

"आबासाहेब," मी म्हणाले, "हे संघाचं इलेक्शन नाही. परीक्षा झाली, मुलाखत झाली. आता कोणी समजूत काढाची बाकी नाही."

"अवं, राजाचा सूट शिवून झाला! पाव्हण्यायले सांगून झालं, गावजेवण झालं. माह्या इज्जतीचा काही इचार कर."

"मंग जेवणाच्या आधी फळा वाचाले कोणाले तरी पाठवाचं होतं."

बाबांनी दाराशी मान वर केली. त्या घरात आबासाहेबांसमोर असं कोणी बोललं नव्हतं.

राजाभाऊ खिडकीशी उभा होता. मी त्याच्याकडे वळले. "राजाभाऊ, तू तं वाचलं होतं न? माह्या बाजूले उभा होता. मंग घरी काऊन नाही सांगितलं?"

तो अगदी साधेपणानं म्हणाला, "मले वाटलं, तू काही जात नाही."

आजवर मला पुष्कळांनी पुष्कळ काही ऐकवलं आहे. या वाक्याच्या जवळपासही कोणी पोचलं नाही. बाईसाहेब मला हसल्या, ते मी समजू शकते. त्यांना खरं माहीत नव्हतं. आबासाहेब सौदा करत होते, म्हणजे माझ्याजवळ काही आहे एवढं तरी धरून चालले होते. या मुलानं माझं नाव स्वतःच्या नावाच्या वर लिहिलेलं डोळ्यांनी वाचलं होतं, आणि त्याला ते आडवं आलंच नव्हतं. रस्त्यात गवताची काडी पडलेली असते तसं. तो खोटं बोलत नव्हता. मला फसवायचा त्याचा बेतही नव्हता. तेवढी गरजच त्याला वाटली नव्हती.

तोवर माझ्या मनात थोडी भीती होती. मालकांचं घर, बाबा खाली बसलेले. ती भीती त्या वाक्यासरशी गेली. तिच्या जागी जे आलं त्याला राग म्हणता येणार नाही. राग बरोबरीच्या माणसाचा येतो. मी त्या बैठकीतल्या तिघांकडे पाहिलं: परीक्षेत हरलेला मुलगा, हरणं ऐकायची सवय नसलेला बाप, आणि दोघांसाठी शुद्ध मराठीत कागद लिहिणारा मास्तर. एवढ्यांना मी आयुष्यभर मोठे लोक समजत होते.

"मी लिहून देत नाही," मी म्हणाले.

आबासाहेबांचा आवाज उतरला. ते माझ्याशी बोललेच नाहीत. दाराकडे बघून म्हणाले, "किसना, पोरीले समजाव. नाही तं या मिरगाले त्या वावरात वखर घालू नको."

शेवटची पायरी. तीही पाठच होती.

बाबा उठले. हात जोडून उभे राहिले, पण मालकांपुढे नाही. माझ्यापुढे.

"लिहून दे, माय. लेकरू होय न तू माहं? लिहून दे."

सगळ्यात कठीण ते होतं. मालकाला नाही म्हणायला एक वाक्य लागतं. बापाला नाही म्हणायला काय लागतं ते मला अजून नीट सांगता येत नाही. मी त्यांचे जोडलेले हात धरून खाली केले आणि म्हणाले, "नाही, बाबा."

हेडमास्तर पेनाचं टोपण काढून बसले होते. मी खुर्चीवरून उठले तरी ते तसेच बसलेले.

घरापर्यंत बाबा माझ्यापुढे दहा पावलं चालत होते. मागे वळले नाहीत. मायनं सगळं ऐकून घेतलं. मग माझी पेटी ओढून कपडे भरायला लागली. "उद्याच्या पहिल्या गाडीनं जाय. इथं राह्यली तं हे लोक रोज येतीन. आन् तुहा बाप रोज हात जोडीन." मला घालवते आहे की सोडवते आहे, ते तिच्या चेहऱ्यावरून कळत नव्हतं. मीही विचारलं नाही. सकाळच्या एस.टी.नं मलकापूर गाठलं. बाबा फाट्यावर आले नाहीत.

त्या मृगात वावर दुसऱ्याला गेलं. बाबा रोजानं जायला लागले. ज्या धुऱ्यावर, वावराच्या बांधावर बसून ते भाकर खायचे, त्याच धुऱ्यावरून खाली मान घालून दुसऱ्याच्या कामाला.

राजाभाऊचं पुढे काय झालं, असं लोक विचारतात. काही झालं नाही. सूट लग्नात घातला. संघात संचालक झाला. बिनविरोध.

मी डॉक्टरेट घेऊन परत आले तेव्हा हेडमास्तर निमंत्रणपत्रिका घेऊन आले. गावात माझा सत्कार, अध्यक्ष आबासाहेब. पत्रिकेवर छापलं होतं, 'त्यांच्या घरी राहून शिकलेली लेक'. गुरुजी आता मला अहो-जाहो करत होते.

"झालं गेलं सोडा आता. राग बरा नव्हे."

"राग नाही गुरुजी, किळस आहे," मी म्हणाले. "पत्रिका परत न्या. आणि छापलेल्यांतून माझं नाव खोडा. नावं कमी करायला तुमचं अक्षर चांगलं आहे."

गाव मात्र आजही एकच सांगतं. किसनाचं वावर पोरीपायी गेलं. मावशी सांगते, हेडमास्तर सांगायचे, मुंबई-पुण्याला शिकलेले भाचेही तेच सांगतात. बाबांनीही शेवटपर्यंत तेच सांगितलं. शेजाऱ्यांपुढे, माझ्यापुढे. मी त्यांना शेवटच्या आजारपणातही म्हणाले, "बाबा, वावर माह्यानं नाही गेलं. आबासाहेबानं काढून घेतलं." त्यांनी कूस बदलली.

आता मी स्पष्ट लिहून ठेवते. मी परीक्षा दिली, पहिली आले, शिकायला गेले. यात मी कोणाचं काही घेतलं नाही. वावर घेणारा माणूस होता, त्याला तोंड होतं, त्यानं ते चारचौघांत बोलून घेतलं. जाणाऱ्या पोरीचं नाव घ्यायचं आणि घेणाऱ्या मालकाचं गिळायचं, ही सवय गावानं खुशाल ठेवावी. मी ठेवणार नाही. लग्नात, मयतीत, कॉलेजात, वर्गात, जिथे जिथे ही गोष्ट निघेल तिथे मी घेणाऱ्याचंच नाव घेणार. समोर त्याची मुलं बसली असतील, तर जास्त मोठ्यानं.