काकूंनी सांगितलेला धबधबा

भिलाईच्या वैशाली नगरात माझ्या घरापासून चौथं घर शकुंतलाकाकूंचं. त्या गेल्याची बातमी मात्र मला कॅनडातून आली. शाळेला निघायच्या घाईत होते, तेवढ्यात त्यांच्या मुलाचा, अमोलचा फोन आला. "नंदाताई, आई खुर्चीतच बसून आहे. कॅमेऱ्यात केव्हापासून हलून नाही राहिली. जरा पाहून या ना." म्हातारी एकटी असते म्हणून त्यानं बैठकीत कॅमेरा लावून दिला होता. मी धावत गेले. दार उघडंच होतं, समोर अर्धा चहा, आणि काकू... हात लावला तेव्हाच कळलं. डॉक्टर म्हणाले, हृदय बंद पडलं. याला आता दीड महिना झाला. रडून झालं. राग मात्र जात नाही, आणि तो कोणाकोणावर आहे ते एकदा नीट सांगावं म्हणून हे लिहायला बसले.

काकू साकोलीकडच्या. लग्न होऊन एकोणिसाव्या वर्षी भिलाईला आल्या. काका स्टील प्लांटमध्ये, कोक ओव्हनच्या भट्टीवर. शिफ्ट, ओव्हरटाइम, पुन्हा शिफ्ट. त्यामुळे काकूंचं फिरणं म्हणजे माहेर आणि फार तर दुर्गचा बाजार. पण बाईला नवं काही पाहायची हौस दांडगी. पोरांना घेऊन आम्ही मैत्रीबागेत गेलो की पोरं झुल्यांकडे पळायची आणि काकू अस्वलाच्या पिंजऱ्यासमोर उभ्या. "याले मोकळं पाहाले भेटलं पाहिजे एकदा," म्हणायच्या. धबधब्याचंही तसंच. टीव्हीवर जगदलपूरजवळचा चित्रकोट दाखवायला लागले की निवडायला घेतलेली भाजी तशीच राहायची. काका म्हणायचे, रिटायर झालो की जाऊ. रिटायर झाल्यावर दोन वर्षांत काकाच गेले.

नातू झाला तेव्हा अमोलनं त्यांना सहा महिन्यांसाठी कॅनडाला बोलावून घेतलं. परत आल्या त्या दिवशी सगळी गल्ली त्यांच्या अंगणात. तिथल्या एका शनिवार-रविवारच्या सहलीची गोष्ट त्या फार छान सांगायच्या. जंगलातलं लाकडी घर, दोन पायांवर उभं राहिलेलं अस्वल, पिल्लासोबत आलेली हरिणी, आणि तो धबधबा, ज्याचा आवाज बंद घरातही छातीत वाजायचा. फोनमध्ये फोटो होता. लाल स्वेटर घातलेल्या काकू, मागे पांढरंशुभ्र पाणी. मी त्यांना हौसेनं माझ्या शाळेत नेलं, चौथीच्या वर्गापुढे उभं केलं. त्या हिंदीत रंगून सांगत होत्या. एका मुलीनं विचारलं, "दादी, भालू से बदबू आती है क्या?" काकू थांबल्या. मग म्हणाल्या, "शीशे के पीछे से देखे थे बेटा, बास नहीं आई." मला तेव्हाही काही कळलं नाही. मी टाळ्या वाजवायला लावल्या.

मागच्या उन्हाळ्यात त्यांच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. दिवसातून तीनदा थेंब घालायला मी जायची. एका दुपारी थेंब घालून झाले, काकू डोळे मिटून पडल्या होत्या, आणि तशाच म्हणाल्या, "नंदा, मी तो धबधबा पाह्यलाच नाही."

"कावून? फोटो आहे ना."

"तो बोर्डाचा फोटो होय. गाड्या ठेवतेत ना, तिथं मोठा बोर्ड होता धबधब्याचा. त्याच्यासमोर उभं केलं मले."

मग हळूहळू सगळं सांगितलं. अमोलच्या मित्रांची दोन कुटुंबंही सोबत होती. तिन्ही घरची मिळून पाच लहान पोरं. वाट चढणीची, बाबागाड्या जाईनात, कोणीतरी मागं थांबायला हवं होतं. पहिल्या दिवशी काकू आपणहून म्हणाल्या, माझे पाय दुखतात, तुम्ही जा. "म्या म्हटलं, उद्या नेतीन मले. दुसऱ्या दिवशी कोणी इचारलंच नाही, बाई. डबे तेवढे मागितले." दोन दिवस त्या पोरं सांभाळत आणि सगळ्यांचा स्वयंपाक करत होत्या. दार उघडू नको, अस्वलं येतात, असं बजावून मंडळी जायची. अस्वल काकूंनी पाहिलं ते अमोलच्या फोनमध्ये. हरिणी तेवढी खरी, भांडी घासताना खिडकीतून दिसलेली. "आवाज मातर येऊन राहिला होता. पोरं निजली का मी दाराले कान लावून उभी राहू."

"मग इतके दिवस खोटं कावून सांगितलं, काकू?"

"लोकं काय म्हणतीन पोराले? तू बी नको सांगू कोणाले."

मी हो म्हटलं. आणि त्याच संतापात म्हटलं, या पावसाळ्यात मी नेते तुम्हाला चित्रकोटला. त्या हसल्या. डोळ्यातलं औषध कानशिलावर ओघळलं, ते मी पुसलं... आणि नेलं नाही. जुलैत शाळेची तपासणी होती. ऑगस्टमध्ये यांची गाडी दुरुस्तीला. सप्टेंबरमध्ये काहीच नव्हतं. मलाच कंटाळा आला होता. कॅनडा लांब आहे, जगदलपूर नाही.

तेरवीला अमोलनं तोच फोटो मोठा करून घेतला होता. त्याला हार घातला, उदबत्ती लावली. येणाऱ्या प्रत्येकाला हात जोडून सांगत होता, "आईले जंगल, धबधबा, सगळं दाखवून झालं होतं. तेवढंच समाधान." मी पंगतीत वाढत होते. तिसऱ्यांदा ऐकलं तेव्हा भाजीचं भांडं खाली ठेवलं आणि त्याला आत स्वयंपाकघरात बोलावलं.

"अमोल, त्या फोटोच्या वरच्या कोपऱ्यात पाहिलं का तू? बोर्डाचा बोल्ट दिसून राहिला."

तो बाहेर गेला, पाहून आला. भिंतीला टेकून उभा राहिला. "ताई, आईच म्हणाली होती ना, मी थांबते, पाय दुखतात."

"पहिल्या दिवशी. दुसऱ्या दिवशी विचारलं होतं का?"

"याद नाही," तो म्हणाला.

आणि त्याला खरंच आठवत नव्हतं. खोटं बोलत असता तर मला बरं वाटलं असतं, भांडता आलं असतं. पण काकूंनी ती गोष्ट इतकी छान आणि इतक्यांदा सांगितली होती, की त्याचाही तिच्यावर विश्वास बसला होता. आपण आईला धबधबा दाखवला, असं तो मनापासून समजत होता. त्याचं लेकरू सांभाळून वर त्याच्या मनाची सोयही काकूंनीच करून ठेवली होती. तो रडायला लागला. मी त्याची समजूत घातली नाही. भांडं उचललं आणि पंगतीत परत गेले.

कॅनडाला निघायच्या आधी त्यानं आईच्या वस्तू वाटायला काढल्या. साड्या गेल्या, शाली गेल्या. कपाटात खाली एक खोका होता, त्यात जाड तळव्यांचे, डोंगरात चालायचे बूट. सुनेनं त्या सहलीसाठी म्हणून घेऊन दिलेले. तळवे कोरे, आत कागदाचे बोळे अजून तसेच. "नवेच आहेत ताई, कोणाले तरी होतीन," अमोल म्हणाला. मी ते घरी आणले आणि आमच्या दारात, सगळ्यांच्या चपलांमध्ये ठेवले. हे म्हणतात, घाल ते आणि एकदा चित्रकोटला जाऊन ये, मन हलकं होईल. मी जाणार नाही. मला मन हलकं करायचंच नाही. घरी येणारं कोणी ना कोणी विचारतं, हे बूट कोणाचे हो? मी त्यांना बसवते, पाणी देते आणि सगळं सांगते. अमोलचं सांगते, माझा सप्टेंबरही सांगते. काकूंनी नको म्हटलं होतं, तरी.